धुके, धुई, धुरके आणि मेघाचे गोत्र

फॉग, मिस्ट आणि हेझ या तिन्हींना मराठीत एकच ‘धुके’ म्हणावे की वेगळे शब्द वापरावेत, आणि ते प्रत्यक्षात ओळखावेत कसे, असा प्रश्न आला आहे. वेगळे शब्द वापरावेत, कारण ते आपल्याकडे आहेत. हिवाळा सुरू झाला की पुण्यात सकाळी नदीच्या अंगाला राखाडी-तपकिरी पट्टा दिसतो आणि ‘शहरावर धुक्याची चादर’ अशी बातमी लगोलग झळकते. तो पट्टा बहुतेक वेळा धुके नसतोच. रात्री गार हवा जमिनीलगत साचते, तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो आणि वाहनांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर धुळीसकट खालीच कोंडून राहतो. शिवाय ही ‘चादर’ हिंदीतून उचललेली आहे. मराठीत धुके पडते, दाटते आणि विरते.

शास्त्रीय व्याख्या थोडक्यात उरकतो. हवेत तरंगणाऱ्या पाण्याच्या थेंबांमुळे एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले तर ते धुके, म्हणजे फॉग; थेंब असूनही त्याहून लांबचे दिसत असेल तर ती धुई, म्हणजे मिस्ट; आणि थेंबांऐवजी कोरडे कण असतील तर ते धुरके, म्हणजे हेझ. निव्वळ धूळ असेल तर ‘धुळकट हवा’ हे शब्द पुरेसे आहेत. रंगावरूनही ओळख पटते. धुके पांढरे असते, तर धुरक्यातून सूर्य पिवळसर-तांबूस दिसतो आणि लांबची गर्द टेकडी निळसर भासते. पहाटे उघड्यावर लावलेल्या स्कूटरच्या सीटवरून बोट फिरवले आणि ते ओले झाले, तर त्यावर मात्र विसंबू नये, कारण निरभ्र रात्री दव धुक्यावाचूनही पडते. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय ज्या शहरात शिमल्याहून आले आणि जिथल्या चौकाला लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात, त्या पुण्याने तरी हा घोळ घालू नये.

घोळाचे मूळ मात्र जुने आहे. अमरसिंहाच्या अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय आणि मिहिका ही सगळी नावे एका ओळीत बसवली, म्हणजे दव, धुके आणि बर्फ यांची एकच मोट बांधली. कोशकार म्हणून अमरसिंहाचा अधिकार मोठा आहे, पण इथे त्याने अर्थच्छटा पुसल्या असे माझे स्पष्ट मत आहे. त्या यादीतला शेवटचा शब्द ‘मिहिका’ सर्वांत मोलाचा आहे. तो ‘मिह्’ या संस्कृत धातूचा, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाचा, आणि ‘मेघ’ही त्याच घरातला. इंग्रजी ‘मिस्ट’, रशियन ‘म्गला’, लिथुआनियन ‘मिग्ला’ आणि ग्रीक ‘ओमिख्ले’ ही सारी याच मेघाची भावंडे आहेत, तेव्हा मिस्टला प्रतिशब्द शोधणारा माणूस नकळत आपल्याच आजोळी पत्ता विचारत असतो.

आता वादाचा मुद्दा. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘मिह सेचने’ असे आहे, म्हणजे शिंपणे, आणि त्याच धातूपासून ‘प्रमेह’ व ‘मधुमेह’ आले. काही युरोपीय व्युत्पत्तिकार मात्र मेघाचा ‘मिह्’ निराळा आणि मधुमेहाचा ‘मिह्’ निराळा मानतात. मला हे मुळीच पटत नाही. ‘मेघ’मध्ये घ आणि ‘मेह’मध्ये ह आहे म्हणून दचकण्याचे कारण नाही; ‘दह्’पासून ‘निदाघ’ आणि ‘मुह्’पासून ‘मोघ’ होतो, तसाच ‘मिह्’पासून ‘मेघ’. ग्रीकमध्येही धुक्याच्या ‘ओमिख्ले’शेजारी मूत्रविसर्जनाचे ‘ओमेइखेइन’ हे क्रियापद उभे आहे. दोन दूरच्या भाषांत तीच जोडी तशीच सापडावी, हा निव्वळ योगायोग मानणे मला पद्धतशीर अज्ञान वाटते. आभाळ शिंपते आणि देहही शिंपतो, एवढे ज्याला दिसले त्या जुन्या माणसाची नजर सोवळी नव्हती, नेमकी होती.

मराठीने हे ओले घराणे धुक्यापुरते सोडून दिले आणि ‘धूम’ म्हणजे धुराचे घराणे जवळ केले. ‘भूमी’ची जशी ‘भुई’ झाली, तशी ‘धूमिका’ची ‘धुई’ झाली, असे मी मानतो. पाण्याला धुराचे नाव मिळाले ते दिसण्यावरून, आणि म्हणूनच आज खरा धूर आल्यावर त्यालाही धुके म्हणण्याची चूक सहज होते. ‘धुई’ला ग्रामीण ठरवून बाजूला सारणाऱ्यांचा मला विशेष राग येतो. धुई पडली की आंब्याच्या मोहोराची आणि द्राक्षाच्या घडांची काळजी करणारा शेतकरी हा शब्द रोज वापरतो, आणि कोरड्या धुरक्यासाठी तो कधीच वापरत नाही.