व्हायकिंग योद्धे आजच्या कॉर्पोरेट ऑफिसात टिकले असते का?

टिकले असते, आणि बहुधा आपल्या आधी मॅनेजर झाले असते. 'रागाच्या भरात कुऱ्हाड काढली तर?' अशी शंका कोणी काढेल. पण ज्यांच्याकडे खून झाल्यावरही भरपाईच्या रकमेवर घासाघीस चालायची, ते टीए-डीएच्या बिलावरून रक्त सांडणार नाहीत. (आणि ती शिंगांची टोपी डोक्यातून काढा. ती १८७६ सालच्या एका जर्मन ऑपेराच्या वेशभूषेमुळे लोकप्रिय झाली.)

माझ्या मते अप्रेझलमध्ये तर त्यांचा हात कोणी धरला नसता. आइसलँडचा कवी आणि लढवय्या एगिल स्कालाग्रिमसन याची सागा, म्हणजे जुनी आइसलँडी वीरकथा, वाचा. हा दहाव्या शतकातला गडी, सागा लिहिली गेली तेराव्या शतकात, म्हणजे सांगणाऱ्यांनी मीठमसाला लावलेला असणारच. इंग्लंडचा राजा अथेलस्टन याच्या बाजूने एगिल लढला, जिंकला, पण लढाईत त्याचा भाऊ थोरोल्फ पडला. विजयाच्या मेजवानीत एगिल राजाच्या समोर बसला तो शिरस्त्राण न काढताच. मांडीवर तलवार. ती अर्धी उपसायची, पुन्हा म्यानात खुपसायची. पेल्याला हात नाही. एक भुवई गालापर्यंत खाली, दुसरी केसांच्या मुळापर्यंत वर. तोंडातून अवाक्षर नाही.

राजा समजायचं ते समजला. दंडातलं सोन्याचं कडं काढून त्याने तलवारीच्या टोकाला अडकवलं आणि आगीवरून पुढे केलं. एगिलने ते आपल्या तलवारीच्या टोकावर घेतलं, हातात चढवलं, आणि भुवया जागेवर आल्या. मग तो प्यायला. वर भावाच्या मृत्यूबद्दल चांदीने भरलेल्या दोन पेट्या मिळाल्या, त्या वडिलांना आणि नातलगांना द्यायच्या म्हणून. वडिलांना त्यातलं काही मिळालं नाही, हा भाग वेगळा.

आपण मात्र सेल्फ-असेसमेंटमध्ये चार पानं लिहितो आणि हातात काय पडतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

'सकाळपर्यंत पाठवा' हेही त्यांना नवीन नव्हतं. पुढे हाच एगिल इंग्लंडातल्या यॉर्कला, तिथला राजा एरिक ब्लडअ‍ॅक्स याच्या तावडीत सापडला. एरिकच्या मुलाला त्याने आधीच मारलं होतं, त्यामुळे सकाळी मुंडकं उडणार हे नक्की. मित्र आरिनब्योर्न म्हणाला, रातोरात राजाच्या स्तुतीचं वीस कडव्यांचं काव्य रच. मध्यरात्री मित्र पाहायला आला तर कागद कोरा म्हणा, एक ओळ नाही. का? खिडकीत एक पाकोळी बसून सारखी किलबिलत होती. ओपन ऑफिसात बसणाऱ्या कोणालाही ही पाकोळी ओळखीची वाटेल. मित्र वर जाऊन त्या खिडकीशीच बसला आणि सकाळपर्यंत काव्य तयार झालं. मोबदल्यात एगिलला स्वतःचं डोकं परत मिळालं. बोनस म्हणून.

भरतीचं खातं एरिक द रेडकडे द्यावं. खुनापायी आइसलँडमधून तीन वर्षं हद्दपार झालेला हा माणूस बर्फाच्छादित बेट पाहून आला आणि नाव ठेवलं ग्रीनलँड, कारण नाव गोड असेल तर लोक यायला तयार होतील. पंचवीस जहाजं निघाली, चौदा पोचली. तरी ऑफर लेटरमध्ये हिरवळच.

आणि मीटिंग? इ.स. १०००च्या सुमारास आइसलँडच्या सभेत, आल्थिंगमध्ये, जुना धर्म की ख्रिस्ती धर्म यावरून तलवारी निघायच्या बेतात होत्या. निर्णय सभेत कायदा सांगणाऱ्या थोरगेइरवर सोपवला. तो स्वतः जुन्या धर्माचा. त्याने अंगावर घोंगडं ओढलं आणि दिवसभर, रात्रभर पडून राहिला. कॅमेरा बंद, माईक म्यूट. सकाळी उठून सांगितलं, सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं. घोड्याचं मांस खायला हरकत नाही, जुने बळी गुपचूप चालतील. सगळ्यांनी मान्य केलं. मिनिट्स नाहीत, फॉलो-अप कॉल नाही.

ते अडकले असते ते रिटायरमेंटला. म्हातारपणी एगिलला ती सगळी चांदी आल्थिंगच्या गर्दीत उधळून लोकांची मारामारी बघायची होती. घरच्यांनी जाऊ दिलं नाही, तेव्हा त्याने दोन गुलामांना घेऊन ती कुठेतरी पुरली आणि गुलामांनाही परत येऊ दिलं नाही. चांदी सापडलेली नाही. नॉमिनीचा रकाना रिकामाच.