कमेंट लिहिताना समोरचा माणूस दिसू दे

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज मिळाला. त्या मुलाने पोस्टमधे मंडळीविषयी, म्हणजे चर्चविषयी, आणि येशूविषयी वाटेल ते लिहिलं, तुझं डोकं तापलं आणि आता तुला कळत नाहीये की गप्प बसायचं की सुनवायचं. मला विचारशील तर आधी बघ, तू उत्तर लिहिणार आहेस ते कुणासाठी? नाव त्याचं टॅग केलेलं असतं पण मनात असतात ते बाकीचे, युथ ग्रुपमधले, जे वाचून लाइक देतील आणि म्हणतील काय बोललास, तोंडच बंद केलंस त्याचं. मग आपण बायबलची वचनंसुद्धा त्याच्यासाठी टाकत नाही, आपल्या बाजूच्यांसाठी टाकतो, आणि त्यालाही ते बरोबर कळतं.

मत्तय १८:१५ तुला पाठच असेल, भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून बोल. आता तो मुलगा मंडळीतला नाही आणि ते वचन भावाविषयी आहे हे मान्य, पण जी लाज आपण भावाची राखतो ती बाहेरच्याची का राखू नये? म्हणून कमेंट सोड आणि त्याला इनबॉक्समधे लिही. पटवून द्यायला नको जाऊस, नुसतं विचार, "तुझी पोस्ट वाचली, मंडळीत काही वाईट अनुभव आला होता का? सांगावंसं वाटलं तर सांग." कदाचित तो उत्तरच देणार नाही. कदाचित दोन दिवसांनी लिहील की आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा मंडळीतलं कुणी फिरकलंसुद्धा नाही. तेव्हा लगेच वचन नको पाठवूस, हात जोडलेले इमोजी पण नकोत, "खूप वाईट झालं हे. आई कशी आहे आता?" एवढंच लिही आणि थांब. नीतिसूत्रे १८:१३ मधे म्हटलंय की ऐकून घ्यायच्या आधीच उत्तर देणं हा मूर्खपणा आहे, आणि ऑनलाइन आपण नेमकं तेच करतो, पोस्टच्या दोन ओळी वाचून.

चारचौघांत बोलावंच लागलं तर काय, असंही तू विचारशील. त्यासाठी बायबलमधलं पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाच, जेमतेम २५ वचनं आहेत. फिलेमोनाचा दास अनेसिम त्याला सोडून गेला होता, त्याला परत स्वीकार म्हणून पौल लिहितो. ते फक्त फिलेमोनाला नव्हतं बरं का, त्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही होतं, म्हणजे सगळ्यांसमोरच. तिथे पौल सरळ म्हणतो की आज्ञा करायचा हक्क असूनही मी प्रीतीमुळे विनंती करतो, फिलेमोनाच्या चांगल्या गोष्टी आधी सांगतो, आणि अनेसिमाचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड म्हणतो. मुद्दा जराही सोडत नाही पण फिलेमोनाला कुणासमोर खाली मान घालावी लागेल असं एक वाक्य नाही त्यात. मला हे पत्र फार आवडतं, कमेंट लिहायच्या आधी वाचावं असं.

फॉरवर्डचं थोडक्यात सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसला म्हणजे तो मेसेज बऱ्याच हातांतून फिरून आलाय, आणि विश्वासणाऱ्यांच्या छळाच्या बातम्या, फोटो तर आपण डोळे मिटून पुढे ढकलतो. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा तिथेही लागू आहे, खात्री नसेल तर पाठवू नकोस.

त्याहून जास्त मला खुपतं ते प्रार्थना विनंत्यांचं. कुणीतरी विश्वासाने तुला एकट्याला सांगतं की नवऱ्याशी पटत नाहीये किंवा रिपोर्टमधे काहीतरी निघालंय, आणि संध्याकाळपर्यंत ते "कृपया प्रार्थना करा" म्हणून चार ग्रुपवर, नावासकट! भावना चांगली असते रे, पण त्या बाईला उद्या सगळ्यांना तोंड द्यायचं असतं. आधी विचार, "ग्रुपवर टाकू का, नाव घालू का?" ती नाही म्हणाली तर तू एकट्याने प्रार्थना कर, देवाला ग्रुपमधे अ‍ॅड करायची गरज नसते.

कुणी गेलं की पण तसंच, ग्रुपवर तेच तेच शोकसंदेश ओळीने पडतात आणि चौथ्या दिवशी सगळं शांत. तू महिन्याभराने एक मेसेज कर, गेलेल्या माणसाची तुला आठवणारी एखादी खरी गोष्ट लिहून, आणि "उत्तर नाही दिलंस तरी चालेल" असं खाली टाक.

आणि एक, प्रीती सहनशील आहे म्हणून शिव्या खात बसू नकोस. कुणी घाण बोलत असेल, धमकी देत असेल तर उलट न बोलता ब्लॉक कर, स्क्रीनशॉट ठेव, आणि पाळकांना किंवा घरच्यांना दाखव. धमकी खरी वाटली तर पोलिसांकडे जायला पण संकोच करू नको. ब्लॉक केलेल्यासाठीही प्रार्थना करता येते.

त्या मुलाला काय लिहितोस ते पाठवायच्या आधी मला दाखवलंस तरी चालेल, वाचून सांगतो.

प्रभूत तुझा,
दादा