स्क्रॅम्बल्ड कुठेय?

प्रिय मुला,

परवा ठाण्याच्या लोकलमध्ये जुईनगरपासून तू मला मोबाईलवर पेशी वाढवायच्या एकाच प्लेटचा फोटो दाखवत होतास. वरच्या तीन ओळी गर्द जांभळ्या, म्हणजे पेशी जिवंत; खालच्या तीन पिवळट, म्हणजे मेलेल्या. ‘मायक्रोआरएनए-२१ हा जनुकांना आवर घालणारा छोटा रेणू दाबला की ग्लायोब्लास्टोमाच्या, मेंदूतल्या कर्करोगाच्या, पेशी मरतात, मॅडम.’ मी विचारलं, स्क्रॅम्बल्ड कुठेय? म्हणजे अक्षरं उलटसुलट केलेला, काहीच न दाबणारा तुलनेचा रेणू. तू खिडकीबाहेर बघायला लागलास. रबाळे गेल्यावर म्हणालास, त्याच्या वेल, म्हणजे प्लेटमधले खळगे, तेही पिवळेच येतात, म्हणून सर म्हणाले स्लाइडवर नको घेऊस.

मला तुझा राग नाही आला, स्वतःचाच आला.

१९९३ला कृमीत सापडलेला पहिला मायक्रोआरएनए, त्यासाठीचं २०२४चं नोबेल, सगळं तुझ्या पहिल्या स्लाइडवर आहेच, ते सोडू. या ट्यूमरमध्ये मायक्रोआरएनए-२१ वाढलेला असतो आणि तो अडवला की पेशी मरतात, हे २००५ पासून छापील आहे. म्हणजे तुझं उत्तर बरोबरही असेल. घोळ तिथेच होतो. हवं ते उत्तर आलं की माणूस कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, बघायचा थांबतो.

मी थांबले होते. तीन प्लेटा लावल्या. दोनमध्ये अक्षरं उलटसुलट केलेला खोटा रेणूही पेशी मारत होता, तिसरीत नव्हता. मी तिसरी छापली. पेशी विरळ पेरल्या होत्या आणि आरएनए आत नेणारा चरबीचा रिएजंट सढळ हातानं घातला होता. मारत होता तो. माझ्यानंतर आलेल्या मुलीनं तो निकाल पुन्हा आणायला दोन वर्षं घालवली. तिला वाटायचं, आपलाच हात वाईट. मला ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. फेलोशिपचे चार महिने उरले होते माझे. हे सबब म्हणून सांगत नाहीये. बरं, सबब म्हणूनच सांगतेय.

तेव्हापासून स्क्रॅम्बल्डशिवाय आलेख दाखवायला आलेल्याला मी परत पाठवते. मुलं पाठीमागे खडूस म्हणायची. एक ग्रँटही गेली त्यात. गेली तर गेली.

म्हणशील, डिशमधल्या चार वेलनी काय बिघडतं? अरे, मेंदूत हा रेणू नुसता सोडून चालत नाही. रक्त आणि मेंदूमधला अडथळा त्याला आत घेत नाही, काहीतरी वेष्टण लागतंच. वेष्टणच मारत असेल तर तू औषध कशाला म्हणणार? चरबीच्या वेष्टणातून मायक्रोआरएनए-३४ची नक्कल कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिली होती. प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रिया आल्या आणि २०१६ मध्ये ती चाचणी बंद करावी लागली. आणि टेमोझोलोमाइड, याच ट्यूमरवर रेडिएशनसोबत देतात ते औषध? २००५च्या चाचणीत रुग्ण जगण्याचा मध्यक काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेला. अडीच महिने! तरी जगभर ते औषध देतात, कारण शेजारी नुसत्या रेडिएशनचा गट होता. तो गट म्हणजे त्यांचं स्क्रॅम्बल्ड.

सरांशी वाद घालू नकोस, त्यात तू हरशील. नवी प्लेट लाव. पेशी नीट दाट होऊ देत, रिएजंट निम्मा कर. एक ओळ नुसत्या रिएजंटची, दोन ओळी दोन वेगळ्या स्क्रॅम्बल्डच्या. पेशी पिवळ्या पडल्या तरी पडू देत, तो फोटो पुसायचा नाही.

शनिवारी लावलीस तर सोमवारी संध्याकाळी रंग येईल. फोटो पाठव. कापलेला नको, पूर्ण प्लेटचा.

तुझी,
लोकलमधली मॅडम