ओक तोडणारा संत आणि पुस्तकांची पेटी

प्रश्न : जर्मनीत ख्रिस्ती धर्माचा प्रसार करणारे संत बोनिफेस म्हटलं की तिथल्या जुन्या ‘थॉर’ नावाच्या देवाचा पवित्र ओक वृक्ष तोडल्याचीच गोष्ट सांगतात. माणूस म्हणून ते कसे होते?

उत्तर : ओकची गोष्ट जर्मनीतल्या गाइस्मारची, साधारण ७२३ सालची. त्या लाकडातून त्यांनी प्रार्थनागृह उभारलं, असं त्यांचा चरित्रकार विलिबाल्ड सांगतो. पण मला ते खरे भेटले त्यांच्या पत्रांत. मूळचे इंग्लंडमधल्या वेसेक्सचे, नाव विनफ्रिड. ‘बोनिफेस’ हे नाव ७१९ मध्ये पोप दुसरे ग्रेगरी यांनी दिलं. परमुलखात त्यांना सगळ्यात जास्त चणचण भासली ती पुस्तकांची. मठाधिपती एडबुर्गाला ते लिहितात, बायबलमधली पीटरची पत्रं मला सोनेरी अक्षरांत लिहून पाठव. पुढे डोळे अधू झाले, तेव्हा बिशप डॅनियलकडे बायबलमधल्या संदेष्ट्यांचं एक जुनं पुस्तक मागितलं. का, तर त्यातली अक्षरं ठळक आणि सुटी होती. बारीक, जोडून लिहिलेलं त्यांना दिसेना. हे वाचताना माझे तर डोळे भरून येतात.

सत्तरी उलटल्यावर ते पुन्हा फ्रिसियाला, म्हणजे आजच्या नेदरलँड्सच्या किनारी भागात, धर्मप्रसाराला निघाले. परत येणं नाही, हे त्यांना ठाऊक असावं. पुस्तकांच्या पेटीत कफनाचं कापडही ठेवायला सांगितलं होतं. ५ जून ७५४ रोजी डोक्कुमजवळ सोबत्यांसह त्यांची हत्या झाली. मारेकऱ्यांनी सोन्याच्या आशेनं पेट्या फोडल्या, तर आत नुसती पुस्तकं! ती त्यांनी शेतात, दलदलीत फेकून दिली.

त्यांची समाधी जर्मनीतल्या फुल्डाला आहे. तलवारीचे वार झालेलं एक हस्तलिखितही तिथंच जपून ठेवलंय.