आयजेपीला अर्ज करण्याआधी

प्रिय,

कॉल सेंटरची स्क्रिप्ट पाठ झाली, एएचटी, म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ, आटोक्यात आला, आता टीम लीडरच्या आयजेपीला, म्हणजे कंपनीतल्याच लोकांसाठी निघालेल्या जागेला, अर्ज करू का, असं तू विचारलंयस. कर की. पण त्याआधी माझा एक कॉल ऐक.

मी बँकेच्या कॉल सेंटरमध्ये मराठी डेस्कवर होते. एका आजोबांना एटीएममधून पैसे मिळाले नव्हते, खात्यातून मात्र 4,000 रुपये गेले होते. मी गोड आवाजात ‘तक्रार नोंदवली आहे, कृपया प्रतीक्षा करा’ म्हटलं आणि चार मिनिटांत कॉल संपवला. क्यूएत, म्हणजे कॉलच्या गुणवत्ता तपासणीत, पूर्ण गुण मिळाले. त्यानंतर आजोबांनी आणखी तीनदा फोन केला.

रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक मी तोवर वाचलंच नव्हतं. असे अडकलेले पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत खात्यात परत यायला हवेत. उशीर झाला, तर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. एवढं त्यांना सांगितलं असतं तर ते निर्धास्त झोपले असते. ती रुखरुख अजून जात नाही.

म्हणून सांगते, स्क्रिप्टमधल्या प्रत्येक वाक्यामागचा नियम शोध. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार घेऊन जाता येतं, हे कुणी विचारण्याआधी तुला माहीत हवं. एकाच कारणाचे कॉल वारंवार येत असतील तर वहीत मांडून ठेव आणि महिन्याच्या शेवटी लीडरला दाखव. माझी ट्रेनिंगमध्ये निवड झाली ती अशाच एका वहीमुळे. आवाज तर फ्लोअरवर सगळ्यांचाच गोड असतो.

आणि पदवी. बारावीवर थांबू नकोस, हे मी आग्रहाने सांगते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून नोकरी करणाऱ्यांना शिकवतंय. रात्रपाळीचं रोस्टर सांभाळून अभ्यास जड जातो, मी केलाय. पण बँकेच्या स्वतःच्या नोकरीत शिरायचं तर बहुतेक पदांना पदवी लागते. तिथे गेलीस की जेएआयआयबीची, म्हणजे बँक कर्मचाऱ्यांसाठीची बँकिंगची, परीक्षा देता येईल. इंग्रजीचीही सवय ठेव, पण मराठी डेस्क कमी दर्जाचा मानू नकोस. घाबरलेला माणूस आपल्याच भाषेत बोलतो.

ते परिपत्रक या रविवारी वाच. सोमवारी तुझी शिफ्ट संपली की मी फोन करेन, पैसे अडकलेली ग्राहक म्हणून.

तुझी,
ताई