अमेरिकेत घरच्यांबरोबर नेमबाजीसाठी जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यावी का?

घ्या. पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक, कमी दणक्याच्या काडतुसाची घ्या, आणि त्यातली मार्लिन कंपनीची ३९ए चांगल्या अवस्थेत मिळाली तर फार घासाघीस करत बसू नका. उत्तर इथेच संपलं असतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, त्यांनाही दोन बार काढायला मिळाले तर मजा येईल." ते वाचल्यावर मला झोप येईना. त्यावर येतोच, आधी रायफल.

आम्ही पेनसिल्वेनियात राहतो. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांचा हंगाम उघडायचा म्हणून शाळांना सुट्टी असायची. २०१९ पासून हंगाम शनिवारी उघडतो, पण आमच्या शाळेने सोमवारची सुट्टी काही सोडलेली नाही. अशा गावात बंदूक म्हणजे कुणाला विशेष वाटत नाही. मी मात्र ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत थांबलो आणि २०१७ मध्ये दुकानातल्या जुन्या मालाच्या रॅकवरून ३९ए उचलली. दुकानदार ५७५ म्हणत होता, ५५० डॉलरला दिली. गेल्या शतकातल्या मार्लिनचं साल काढणं सोपं आहे: १९७३ नंतरची असेल तर सिरीयल नंबरचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा करायचे. माझ्या रायफलीवर २४ होते, म्हणजे १९७६. माझंही साल तेच. चापाला सोनेरी मुलामा, अक्रोडाचा दस्ता, नळीवर कनेक्टिकटमधल्या नॉर्थ हेवनचा ठसा. तो कारखाना २०११ मध्ये बंद पडला, त्यामुळे जुन्या मालाचे भाव तेव्हापासून चढलेलेच आहेत.

लिव्हरच का, तर माझी मुलगी डावखुरी आहे. मी कॉलेजात एनसीसीत बोल्टच्या, म्हणजे दर गोळीला मागे-पुढे ओढायच्या खिट्टीच्या रायफलीवर शिकलो, वर्षाकाठी मोजून पाच-दहा गोळ्या, पालथं पडून. तो बोल्ट उजव्या बाजूला असतो, डावखुऱ्याला दर वेळी हात ओलांडून जावं लागतं. लिव्हर मधोमध खाली असते, दोन्ही हातांना सारखीच. घरात एक जरी डावखुरं असेल तर बाकीची चर्चा करूच नका. आणि सेमी-ऑटोमॅटिकमध्ये नुसता चाप ओढत राहायचं, त्यामुळे मुलं दहा गोळ्या दहा सेकंदांत उडवतात नि "संपल्या" म्हणून तुमच्याकडे बघतात. इथे प्रत्येक गोळीला लिव्हर खाली-वर करावी लागते. तेवढ्यात मागची गोळी कुठे गेली याचा विचार होतो.

थर्टी-थर्टीच्या, म्हणजे बऱ्याच मोठ्या काडतुसाच्या विंचेस्टर ९४ या लिव्हर रायफलीबद्दलही विचारलंयत. बंदुकांचे रचनाकार ब्राउनिंग यांच्या डोक्यातून उतरलेली देखणी वस्तू आहे, पण पहिल्याच दिवशी बायकोच्या खांद्याला दणका बसला की ती पुन्हा रेंजवर येणार नाही. मग एकटेच जात बसा. (घेतलीतच तर नळीच्या मॅगझिनमध्ये टोकदार गोळ्या भरू नका. आत काडतुसं एकामागे एक बसतात आणि मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या बुडावर टेकतं. रबरासारख्या मऊ टोकाच्या मिळतात, त्या चालतात.)

आता तुमचे आई-बाबा.

२०१८ च्या उन्हाळ्यात माझे वडील, अण्णा, आमच्याकडे आले. आमचं गाव राजापूर तालुक्यात. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, आजोबांपासूनची. माकडं आणि डुकरं हाकायला बार काढायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, निकाल लागला की परत. चाळीस वर्षं त्यांनी हे न चुकता केलं, आणि इकडे येण्याच्या आदल्या वर्षी "आता डोळे साथ देत नाहीत" म्हणून परवाना सरकारला परत केला. नुसतं तिचं नाव निघालं तरी ते विषय बदलायचे.

आल्या आल्या तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दाखव तुझी." मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल पसरला. ३९ए ची एक गंमत आहे: उजव्या अंगाला मोठा स्क्रू असतो, तो क्वार्टरच्या नाण्याने फिरवला की रायफलीचे दोन तुकडे होतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टरला पुढून गज घालावा लागतो, त्याने नळीचं तोंड झिजतं. मी हे सगळं एखाद्या सेल्समनसारखं सांगत होतो. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि वाकून बघितलं. मग म्हणाले, "हा बारका स्क्रू कुणीतरी भलत्याच पान्याने पिळलाय. खाच बघ, फाटलीय. ज्याने हे केलं त्याने आत काय केलंय ते बघितलंस?" वर्षभर रायफल माझ्याकडे होती. मला तो स्क्रू दिसला नव्हता.

म्हणून तुम्हाला सांगतो, जुनी घेताना पॉलिश बघू नका, स्क्रूच्या खाचा बघा. दोन तुकडे जोडल्यावर सांधा हलतो का ते बघा. मॅगझिनच्या नळीला पोचा आहे का, बोट फिरवून बघा. आणि बोल्ट काढून जिथे काडतूस बसतं त्या कडेवर टॉर्च मारा. पॉइंट टू-टू रिकामी चालवत राहिलं की फायरिंग पिन त्या कडेवर आपटून खळगा पाडते, मग पुंगळ्या अडकतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

पुढच्या शनिवारी सगळे क्लबच्या रेंजवर गेलो. न्यू जर्सीहून माझा साडू सहकुटुंब आला होता. पंचवीस यार्डांवर मातीच्या बांधाला केशरी रंगाच्या क्ले डिस्क टेकवून ठेवल्या. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. रायफल तीन किलोची, म्हणून पुढे वाळूची पिशवी. अण्णा मागच्या बाकावर दुर्बीण घेऊन बसले आणि तिथून कॉमेंट्री: "वर गेली. अजून वर. श्वास सोड पूर्ण. आता..." डिस्क फुटली. ती वळून आधी माझ्याकडे नाही, आजोबांकडे बघून ओरडली.

तेव्हा साडू उठला आणि म्हणाला, "अण्णा, या, तुम्ही मारा दोन."

अण्णा अर्धे उठलेसुद्धा. गुडघ्यावर हात टेकून, पुढे वाकून. मी म्हटलं, "नको. चालत नाही." साडू हसला, "कोण बघतंय? एफबीआय झाडावर बसलीय का?" मी पुन्हा नको म्हटलं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. जसे उठले होते तसे हळूच परत बसले आणि दुर्बीण डोळ्याला लावली. समोर तेव्हा कुणीच नेम धरत नव्हतं.

तेव्हापासून गणपती असो, डोहाळजेवण असो, साडू किस्सा सांगतो: "याने सख्ख्या बापाला दोन गोळ्या मारू दिल्या नाहीत." वाक्य असं की नवा माणूस आधी दचकतो, मग सगळे हसतात. मी सात वर्षं ते ऐकून घेतलं. आज लिहितो. टुरिस्ट व्हिसा, नोकरीचा एच-वन-बी, विद्यार्थ्यांचा एफ-वन, ही सगळी माणसं केंद्रीय कायद्याने नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमची राहायला न आलेली. त्यांना बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे, आणि रायफल हातात घेऊन बार काढणं म्हणजे बाळगणंच. तेव्हा त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती, २०२२ पासून पंधरा. जाणूनबुजून हातात देणाराही सुटत नाही. रेंजवर भाड्याची बंदूक घेतली तरी हेच. साडूकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, त्याचं काय जाणार होतं? माझं कार्ड गेलं असतं, आणि अण्णांना पुढच्या वेळी व्हिसाच्या खिडकीवर काय सांगायचं होतं? शिवाय चाळीस वर्षं निवडणुकीला बंदूक जमा करणाऱ्या माणसाला "कोण बघतंय" शिकवायला हा कोण?

तुम्ही स्वतः कोणत्या व्हिसावर आहात ते लिहिलेलं नाही. एच-वन-बीवर असाल तर वरचं सगळं खरेदीआधी तुम्हालाच लागू. हे खरं तर मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

आणि एक अपवाद आहे. तोही लिहितो, कारण साडू मराठी वाचतो आणि हेही वाचेल. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना असेल तर नॉन-इमिग्रंट माणसालाही बंदूक वापरता येते. हे मला कळलं दोन वर्षांनी, मुलीला शिकारीच्या सुरक्षिततेच्या कोर्सला बसवलं तेव्हा. कोर्स करायचा, परवान्याची फी भरायची. अण्णा तेव्हा इथे पाच महिने होते. इंग्रजी जेमतेम, पण मी शेजारी बसून सांगितलं असतं. तुमच्या वडिलांकडे सहा महिने आहेत. वकिलाला एकदा विचारून घ्या आणि लगेच चौकशीला लागा.

बाकी किरकोळ. कानांना मफ टू-टूलासुद्धा लावा, बांधाला आवाज आपटून परत येतो. गोळ्यांचं शिसं लागलेले हात धुतल्याशिवाय डब्यातल्या पुऱ्यांना हात लावू देऊ नका. भरलेल्या काडतुसावर घोडा अंगठ्याने उतरवण्याची हौस थंडीत करू नका, बोट सुटतं. मी मुलीला ते शिकवलेलंच नाही.

खंडेनवमीला आम्ही रायफल पाटावर ठेवतो, झेंडूचं फूल वाहतो आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावतो. आता विमानात बसणं त्यांना झेपत नाही. दर वर्षी मान लांब करून स्क्रीनमध्ये डोकावतात आणि विचारतात, "तो स्क्रू बदललास का?" नवा स्क्रू कधीचा आणून ठेवलाय ड्रॉवरमध्ये. मी म्हणतो, "नाही अजून." मग ते कसा बदलायचा ते पहिल्यापासून सांगतात.