कट्टीपेक्षा परत आलेली गाडी महाग

(वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे गृहस्थ विदर्भातल्या कापूस खरेदी केंद्रांवर 31 वर्षं ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते. निवृत्तीनंतर ते वर्धा जिल्ह्यात स्वतःची नऊ एकर कोरडवाहू शेती करतात.)

प्रश्न : भाऊ, दिवाळीनंतर 12 क्विंटल कापूस घेऊन हमीभावाच्या केंद्रावर गेलो. मशीन लावलं, 14 टक्के ओल आली, गाडी परत पाठवली. गाडीभाडं दुप्पट नको म्हणून वाटेतच व्यापाऱ्याला 6900 रुपये क्विंटलनं दिला. कापूस पांढराशुभ्र होता. मग अन्याय झाला की नाही? (एक शेतकरी, वणी तालुका)

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण अशा परत जाणाऱ्या गाड्या मी आयुष्यभर पाहिल्या आहेत. आधी नियम सांगतो. 2025-26च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता आणि मध्यम धाग्याचा 7710. हा भाव 8 टक्के ओलीपर्यंत पूर्ण मिळतो. 8 ते 12च्या मध्ये जितके टक्के जास्त तितके टक्के भावात कट्टी, म्हणजे कपात. 12च्या वर गेला की माल घेतच नाहीत. म्हणजे 12 टक्क्यांचा कापूस नेला तर 8110तून 324 रुपये जाऊन 7786 हातात येतात.

आता वही घेऊन बसा. तुमच्या 12 क्विंटलमध्ये 14 टक्के पाणी होतं. तो वाळवून 8 टक्क्यांवर आणला असता तर वजन घटून सव्वाअकरा क्विंटलच्या जरा आत आलं असतं आणि पैसे झाले असते जवळपास 91 हजार. फक्त 12 टक्क्यांपर्यंत वाळवला असता तर वजन पावणेबारा क्विंटलच्या आसपास भरलं असतं आणि कट्टी जाऊनही रक्कम 91 हजारांच्या घरातच राहिली असती. तुम्ही घेतले 82,800. तेव्हा कट्टीला घाबरू नका. कट्टीत पाण्याचेच पैसे जातात. तुमचे आठ हजार गेले ते गाडी परत आली म्हणून, आणि तेवढ्यासाठी दोन दिवसांचं ऊन पुरलं असतं.

घरी मशीन नसतं, ते मला कळतं. म्हणून जुनी पद्धत सांगतो. गंजीच्या वरचा कापूस घेऊ नका, तो वाळलेलाच असतो. कोपरापर्यंत हात आत घाला, आतलं एक बोंड काढा, त्यातली सरकी दाढेखाली धरा. कट्‌ असा आवाज होऊन फुटली तर कापूस वाळला. चामड्यासारखी दबली तर अजून एक ऊन द्या. पाच-सहा ठिकाणच्या सरक्या चावून बघा. मी मशीन लावण्याआधी हेच करायचो आणि फार क्वचित चुकायचो.

एकदा चुकलो ते सांगतो. नोकरीतली सुरुवातीची वर्षं होती, नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला होता. संध्याकाळी शेवटच्या चार गाड्या घाईघाईत आत घेतल्या आणि कापूस मोठ्या गंजीत टाकला. आठव्या दिवशी गंजीत हात घातला तर तव्याजवळ नेल्यासारखी धग लागली. आतला कापूस पिवळा पडला होता आणि सरकीला कुबट वास सुटला होता. त्या चार गाड्यांनी आजूबाजूच्या पंधरा गाड्यांचा माल बिघडवला. तेव्हापासून ओल्या मालाला हो म्हणायला माझी जीभ कधी धजली नाही, समोरचा माणूस कितीही अडचणीत असो. ते नाही म्हणणं सोपं नव्हतं.

पांढरा रंग म्हणजे चांगला कापूस, हाही समज काढून टाका. पुढचा सगळा व्यापार रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा आहे. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 37 किलो रुई निघते, बाकी सरकी आणि थोडी घट. त्याला आपण उतारा म्हणतो. धरून चाला की रुईची 356 किलोची खंडी 55 हजारांना आणि सरकी 35 रुपये किलो. 34 किलो उताऱ्याच्या क्विंटलातून साधारण 7490 रुपयांचा माल निघतो, 37 किलोच्या क्विंटलातून 7850 रुपयांचा. साडेतीनशे रुपयांचा फरक, आणि बाजारात दोन्ही गाड्यांना भाव एकच. रुई काढणाऱ्या जिनिंगवाल्याला हा फरक पक्का ठाऊक असतो, शेतकऱ्याला कोणी सांगत नाही. माझं म्हणणं वर्षानुवर्षं हेच आहे की कापसाचा भाव उताऱ्यावर ठरला पाहिजे. गावातल्या दहा जणांनी एकच वाण लावून एकत्र माल काढला, दहा-वीस किलोचा नमुना रेचून, म्हणजे सरकी वेगळी करून, उतारा काढून घेतला, तर भाव करताना हातात एक आकडा असतो. एकट्यानं हे जमत नाही.

पुढच्या खेपेला सातबारा आणि पीकपेऱ्याची नोंद तपासून हमीभावाच्या खरेदीसाठीच्या ‘कपास किसान’ ॲपवर नाव लावलं आहे ना, तेही बघून निघा.

प्रश्न : आम्ही 14 बाया मिळून कापूस वेचायला जातो. मालक म्हणतात, साफ वेचा, कवडी (किडका, डागी कापूस) मिसळू नका. पण मजुरी किलोवर. साफ वेचलं की वजन भरत नाही. आम्ही काय मागावं? (बचतगटाच्या एक सदस्या, कळंब तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, तुमची अडचण खरी आहे आणि ती मालकांनाही कळली पाहिजे, म्हणून थोडं लांबवर लिहितो. आमच्या भागात वेचाईचा दर किलोला 10-12 रुपये चालतो. चांगल्या हाताची बाई दिवसाला 40 किलो वेचते. तीच बाई कवडी वेगळी, पालापाचोळा वेगळा करत वेचेल तर 30 किलोवर येईल. म्हणजे चांगलं काम केल्याबद्दल तिची शंभर रुपये मजुरी कापली जाते. कोण साफ वेचेल मग?

पहिल्या दोन वेच्यांना रोजंदारी मागा. ते मान्य नसेल तर साफ वेचाईला किलोमागं तीन रुपये जास्त मागा. मालकाला क्विंटलला तीनशे रुपये जास्त पडतील, हे खरं. पण कवडी मिसळलेल्या मालाचा भाव व्यापारी त्याहून जास्त पाडतो, हे मी रोज पाहिलं आहे. पहिला-दुसरा वेचा वेगळा ठेवला तरच हा पैसा वसूल होतो, शेवटच्या वेच्यात मिसळला तर दोघांचीही मेहनत गेली. वेचताना डोक्याला सुती फडकं बांधा आणि प्लॅस्टिकच्या चुंगड्यांऐवजी सुती कापडात कापूस बांधायला लावा. केस आणि चुंगड्याचे धागे रुईत गेले की सूतगिरणीत ते वेगळे करणं जवळपास अशक्य, कापड रंगवलं की तिथे डाग दिसतो.

सकाळी दव असताना वेचलेला कापूस ओला असतो, दुपारी वेचला तर कोरडी पानं चुरून त्याला चिकटतात. दव उडालं की लगेच सुरू करा आणि ऊन तापायच्या आत जमेल तेवढं उरका. दवातला वेचला असेल तर वेगळा पसरा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी लिहितो. फवारणी झालेल्या शेतात कधी शिरायचं हे मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. 2017 साली तुमच्याच जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेनं 20हून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. माणसाच्या उंचीची पऱ्हाटी (कापसाची झाडं), आत दमट हवा, अंगावर साधा सदरा. ते दिवस आठवले की अजून झोप लागत नाही. औषधाचं नाव विचारणं हा तुमचा हक्क आहे.

प्रश्न : जानेवारीत पाणी द्यायची सोय आहे. फरदड ठेवू का? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : नको. हंगाम संपल्यावरही पाणी देऊन तेच पीक उभं ठेवलं की गुलाबी बोंडअळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळतं आणि पुढच्या वर्षी ती तुमच्याच शेतातून निघते. 2017चा बोंडअळीचा फटका आठवा. डिसेंबरअखेर पीक काढा, पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, त्या पाण्यावर भाजी घ्या.

प्रश्न : आमचं चार यंत्रमागांचं घर. सूत महागलं की माग बंद. सरकारनं कापसावरचं आयातशुल्क काढलं तेव्हा आम्हाला बरं वाटलं, विदर्भात मात्र संताप. दोघांत चूक कोणाची? (इचलकरंजी)

उत्तर : चूक तुमची नाही आणि शेतकऱ्याचीही नाही. फेब्रुवारी 2021मध्ये कापसाच्या आयातीवर 11 टक्के शुल्क आलं. 2025मध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के कर लावला, निर्यातदार अडचणीत आले, आणि 19 ऑगस्टपासून शुल्क माफ झालं. ती मुदत आधी सप्टेंबरअखेर होती, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. माझा आक्षेप या वाढीव मुदतीला आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर याच काळात विदर्भ-मराठवाड्यातला कापूस घरात येतो आणि कर्ज फेडायला लगेच विकावा लागतो. नेमकं तेव्हा बाहेरच्या मालाला दार उघडलं. हीच सूट जून ते सप्टेंबर दिली असती, तर शेतकऱ्याचं घर तेव्हा रिकामं असतं आणि तुमच्या मागाला सूत मिळालं असतं.

मूळ दुखणं उत्पादनाचं आहे. जगाची सरासरी हेक्टरी सातशे-आठशे किलो रुईची, आपली साडेचारशेच्या आसपास आणि महाराष्ट्राची त्याहूनही खाली, कारण इथला बहुतेक कापूस पावसावर आहे. हेक्टरी दोनशे किलो वाढले तर भाव न वाढवताही शेतकरी तरेल. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ कमी दिवसांच्या वाणांची सघन लागवड सांगतात. हलक्या जमिनीत मी स्वतः दोन वर्षं ती केली आहे. झाड बुटकं राहतं, बोंडं कमी लागतात, पण झाडं जास्त असल्यानं भरपाई होते. वाढ रोखणारी फवारणी वेळेवर झाली नाही तर मात्र आत चालताही येत नाही.

प्रश्न : मी 1800 रुपयांचा ‘सेंद्रिय कापसाचा’ शर्ट घेतला. यातलं शेतकऱ्याला काय मिळतं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तुमच्या शर्टाला साधारण पाव किलो कापड लागलं असेल. वाया जाणारं धरून तीनशे ग्रॅम रुई. त्यासाठी पाऊण किलोच्या वर, नऊशे ग्रॅमच्या आत कापूस. वर सांगितलेल्या हमीभावानं त्याचे होतात सत्तर-बहात्तर रुपये. त्यातूनच बियाणं, डवरणी, औषध आणि वर लिहिलेल्या ताईंची नऊ-दहा रुपये वेचाई.

सेंद्रियला थोडा जास्त भाव मिळतो, पण तो फुकट मिळत नाही. प्रमाणपत्राआधी किमान दोन वर्षं त्या शेतात रासायनिक काहीही वापरायचं नाही, बीटी बियाणं चालत नाही आणि साधं चांगलं बियाणं शोधायला शेतकऱ्याला तालुके पालथे घालावे लागतात. पहिली दोन वर्षं उत्पन्न घटतं आणि भाव मात्र साध्या कापसाचाच. त्या दोन वर्षांत मोडून परत फिरलेले तीन जण माझ्या गावात आहेत. पुढचा शर्ट घेताना दुकानदाराला एवढंच विचारा, की या शेतकऱ्याला त्या दोन वर्षांत कोणी काय दिलं. उत्तर मिळालं तर मलाही कळवा, मी ते त्या तिघांना दाखवीन.